खाटेवरून काय दिसतं? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री,

सविनय नमस्कार.

मानसिक आरोग्याच्या पोस्टरवर बहुतेक वेळा एकच चित्र असतं. मांडी घालून, डोळे मिटून बसलेला माणूस आणि खाली 'ताणमुक्त राहा' असा सल्ला. जणू ताण हा त्याच्याच अंगचा दोष, आणि त्याने मनावर घेतलं की संपलं.

मी ध्यानाच्या विरोधात नाही. स्वतः रोज बसते. पहिला महिनाभर गुडघ्यांखेरीज कशाचंच भान आलं नाही, पण पुढे जमलं. त्यात गूढ काही नाही. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो सहाच्या आसपास आणला आणि श्वास सोडताना जास्त वेळ घेतला, की मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमार्फत हृदयाची गती उतरते. मनगटावर बोटं ठेवून बघा, श्वास सोडताना नाडी किंचित मंदावलेली कळते.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माइंडफुलनेसचे, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे नुसतं लक्ष देण्याच्या ध्यानाचे, वर्ग सुरू केले. पुढे त्यातूनच आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम रूढ झाला. चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो एस्सिटॅलोप्रॅम या नेहमीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरला. (म्हणून कुणी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत.) मात्र त्या रुग्णांना आठवड्याला अडीच तासांचा वर्ग होता आणि घरी रोज पाऊण तास सराव सांगितलेला होता.

हा पाऊण तास आणायचा कुठून? आमच्या कार्यालयात माइंडफुलनेसचं सत्र ठेवलं होतं, तेही जेवणाच्या सुट्टीत. काम तेवढंच, सुटायची वेळ तीच. प्रशिक्षक म्हणाले, आत्ता शरीरात काय जाणवतंय ते नुसतं बघा. मला भूक जाणवत होती.

शाळांत माइंडफुलनेस आणायचीही घाई नको. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वर्षांच्या ८,०००हून अधिक मुलांवर हा प्रयोग झाला. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांना त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. वेळापत्रकात आणखी एक तास कोंबून मन शांत होत नाही.

झाडांचं तसं नाही. त्यांचा सराव करावा लागत नाही. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहानसाच. पण त्या रुग्णांना कुणी काही शिकवलं नव्हतं, त्यांनी काही ठरवलंही नव्हतं. ते पडून होते आणि समोर खिडकी होती.

इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या पाहणीत, आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी स्वतःचं आरोग्य चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. अर्थात धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडत असतील, हीही शक्यता आहे. तरीही घराजवळ बागच नसेल, तर बाहेर पडून जायचं कुठे? नगररचनेत अलीकडे ३-३०-३०० हा सोपा नियम सुचवला जातो. घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के वृक्षछाया असावी, बाग ३०० मीटरच्या आत असावी.

हे आपल्या खात्याचं काम नाही, असं उत्तर येईल याची कल्पना आहे. मग नगररचना आणि कामगार खात्यांच्या मंत्र्यांना सोबत घेऊन बसा. कामाच्या तासांतच पाऊण तास मोकळा कसा ठेवता येईल, ते तिघं मिळून ठरवा. ताणमुक्तीचं नवं अ‍ॅप तेवढं काढू नका, फोनवर आधीच पुष्कळ सूचना येतात.

सरकारी रुग्णालयांचे आराखडे तर आपल्याच खात्याच्या अखत्यारीत येतात. पुढचा आराखडा टेबलावर आला, की वास्तुविशारदाला खाटेची जागा दाखवायला सांगा आणि तिथून काय दिसेल ते विचारा.

आपली,
एक नागरिक