पगाराला कुलूप, विम्याला फट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथे अमेरिकेत नोकरी गेली की विमाही जातो? नोकरीचा आणि आजारपणाचा संबंध काय?" आईचा प्रश्न वेगळाच होता: कोपऱ्यावर चालत जाऊन दूधही आणता येऊ नये, असं गाव वसवलं कुणी? दोन्हींची उत्तरं दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत सापडतात. फोनवर इतकं बोलणं होत नाही, म्हणून लिहिते.

आधी विमा. अमेरिका युद्धात उतरली आणि कारखाने विमानं, जहाजं, रणगाडे बनवायला लागले. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचं उत्पादनच थांबवलं. तरुण लष्करात गेलेले, कामाला हात अपुरे, बाजारात माल नाही आणि लोकांच्या खिशात पैसा. अशा वेळी महागाई भडकणारच. म्हणून ऑक्टोबर १९४२ च्या कायद्याने पगार गोठवले. सरकारी मंडळाच्या मंजुरीशिवाय मालकाला पगार वाढवता येईना. मात्र त्याच कायद्यात एक फट होती: वाजवी प्रमाणातला विमा आणि पेन्शन हे 'पगार' धरलेले नव्हते. शेजारच्या कारखान्यातला फिटर आपल्याकडे ओढायचा तर पैसे वाढवता येत नव्हते, पण त्याच्या दवाखान्याचा खर्च उचलता येत होता. मालकांनी तेच केलं.

त्यावर शिक्कामोर्तब केलं ते करांनी. मालक भरतो तो हप्ता कामगाराचं करपात्र उत्पन्न नाही, हे १९५४ च्या करसंहितेत पक्कं झालं. आजचा हिशेब करून पाहा. कंपनीने हजार डॉलर पगारवाढ दिली आणि माणूस २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर २२० डॉलर केंद्राच्या आयकरात जातात आणि ७.६५ टक्क्यांप्रमाणे साडेशहात्तर डॉलर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) व मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी विमा) यांच्या कपातीत. हातात उरतात जेमतेम सातशे, राज्याचा कर वेगळाच. तेच हजार कंपनीने विम्यात घातले तर पूर्ण हजारांचा विमा मिळतो. मग मालक, कामगार आणि युनियन, कुणालाच ही व्यवस्था मोडावीशी वाटेना. नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सगळ्यांसाठी सरकारी विम्याचा प्रस्ताव मांडला. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला आणि तो बारगळला. तिकडे ब्रिटनने जुलै १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरूसुद्धा केली.

म्हणजे बाबा, संबंध तापाचा नाही, गोठवलेल्या पगाराचा आहे. आता नोकरी गेल्यावर काय होतं तेही सांगते. वीस किंवा जास्त माणसांची कंपनी असेल तर साधारण १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो. त्याला 'कोब्रा' म्हणतात. पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के प्रशासनाचा खर्च. त्यामुळे पगारातून दोनशे कापले जात होते तिथे एकदम हजारावर आकडा दिसतो आणि लोक हबकतात. दुसरा मार्ग म्हणजे २०१० च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या सरकारी बाजारातून पॉलिसी घेणं. त्यासाठी जुना विमा सुटल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. ती चुकली तर वर्षअखेरच्या नोंदणीपर्यंत बिनविम्याचं राहायचं. तुम्ही येता तेव्हा घेतो तो प्रवासी विमा या सगळ्याच्या बाहेरचा. त्यात बीपी-शुगरसारखी आधीची दुखणी सहसा धरत नाहीत, म्हणून निघण्याआधी पुरेशी औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवीच.

पगारातून दरमहा कर कापण्याची पद्धतही त्याच युद्धाची. १९३९ मध्ये इथे आयकर भरणारे ४० लाखांच्या आसपास होते, १९४५ मध्ये ते ४ कोटींच्या वर गेले. एवढ्यांकडून वर्षअखेरीला एकरकमी वसुली करणं शक्य नव्हतं, म्हणून १९४३ पासून मालकानेच कापून भरायचं ठरलं. युद्ध संपलं, कपात राहिली. उलट रेशनिंग गेलं. साखर, कॉफी, मांस, लोणी, पेट्रोल, सगळ्याला कुपनं होती. साखरेचं बंधन १९४७ मध्ये उठलं आणि कुपनं इतिहासजमा झाली. मुंबईतलं रेशनिंगही १९४३ चंच, पण आपल्याकडे कार्ड पुढच्या पिढ्यांनीही सांभाळून ठेवलं!

आता आईचा प्रश्न. सुमारे १ कोटी ६० लाख माणसं लष्करात होती. ती परतली तेव्हा राहायला जागाच नव्हती. मंदीत बांधकाम थंडावलेलं, युद्धात लाकूड-लोखंड लष्कराकडे वळलेलं. लोक सासुरवाडीला, ट्रेलरमध्ये, लष्कराच्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत राहत होते. जून १९४४ च्या 'जीआय बिल' या कायद्याने सैनिकांना वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शिक्षणाची फी दिली आणि घरकर्जाची हमी दिली. हमी हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येते.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतात लेविट कंपनीने १९४७ मध्ये वस्ती बांधायला घेतली. त्यांनी युद्धात नौदलासाठी घाईची घरं बांधली होती, तीच रीत इथे वापरली. कारखान्यात गाडी पट्ट्यावरून सरकते आणि कामगार जागेवर उभा राहतो. इथे घर जागेवर आणि कामगार सरकत जाणारे. कामाचे २७ टप्पे पाडले होते. एक टोळी स्लॅब ओतणार, दुसरी लाकडी सांगाडा उभा करणार, तिसरी छपराचं बघणार. रंगाऱ्यांतसुद्धा एकजण पांढराच देणार, दुसरा लालच. ट्रक दर ६० फुटांवर सामानाचा ढीग टाकत जायचे, कारण प्लॉट ६० बाय १०० फुटांचे. लाकूड आधीच मापात कापून यायचं. ऐन भरात दिवसाला तीस घरं उभी राहत. १९५१ पर्यंत १७,४४७ झाली.

घर साधारण ७५० चौरस फुटांचं, वर अर्धवट सोडलेला माळा, तळघर नाही. तळघर वगळून खोदाई वाचवली आणि थंडीसाठी स्लॅबमध्येच गरम पाण्याच्या तांब्याच्या नळ्या पुरल्या. कल्पना छान, पाय उबदार राहतात. पण काही वर्षांनी नळ्या गंजून गळायला लागल्या आणि दुरुस्ती म्हणजे जमीन फोडणं. मग पुष्कळांनी त्या बंद करून भिंतीलगत हीटर बसवले. १९४९ चं मॉडेल ७,९९० डॉलरला होतं. सैनिकाला आगाऊ रक्कम शून्य, हप्ता महिना सुमारे ५८ डॉलर.

लेविटने निदान मधोमध छोटी दुकानं आणि पोहण्याचे तलाव ठेवले होते. त्याची नक्कल करणाऱ्या अनेकांनी फक्त घरं उचलली. राहत्या पट्ट्यात दुकान नको हा नियम युद्धाच्या आधीचाच होता. १९५६ मध्ये ४१,००० मैल महामार्गांचा कायदा झाला, ९० टक्के पैसा केंद्राचा. बस-ट्रामला असा दाता मिळाला नाही. आई, तुझं दूध म्हणून गाडीतून आणावं लागतं.

आता ती हमी. सरकार स्वतः कर्ज देत नव्हतं. कर्ज बँकेचं, बुडालं तर भरपाई सरकारची. म्हणजे सैनिकाच्या कागदावर हक्क आणि निर्णय गावच्या बँकेच्या हातात. १९४७ मध्ये मिसिसिपीच्या शहरांतल्या तीन हजारांहून अधिक हमीच्या कर्जांपैकी काळ्या सैनिकांना फक्त दोन मिळाली. लेविटच्या करारातही लिहिलेलं होतं की गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही, घरकामाला ठेवलेले नोकर सोडून. अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयं करणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितलं. तरी रिवाज टिकला. ज्यांना ते घर मिळालं त्यांची मुलं घर गहाण ठेवून शिकली, ज्यांना नाही त्यांची भाड्यात राहिली. आज इथली काळ्या-गोऱ्यांच्या संपत्तीतली दरी बघताना मला दक्षिणेतल्या राज्यांत काळ्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या बाकांपेक्षा हे कर्जाचे कागद जास्त महत्त्वाचे वाटतात.

बायकांचं थोडक्यात. १९४० मध्ये कामगारांत त्या २७ टक्के होत्या, १९४५ पर्यंत जवळपास ३७. त्यांच्यासाठी केंद्राच्या पैशाने पाळणाघरं निघाली, दिवसाला साधारण ५० सेंट. १९४६ मध्ये तो पैसा थांबला. विमा राहिला, कपात राहिली, नेमकी पाळणाघरं तेवढी तात्पुरती ठरली. याचा मला खरंच राग येतो.

आणि आपण. १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंद यांना 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं, ते पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात असूनही. दुसऱ्या युद्धात भारत दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढत होता, तेव्हा हे अवघड दिसायला लागलं. जुलै १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला १०० जणांचा कोटा. अख्ख्या देशातून शंभर! तो १९६५ च्या कायद्याने गेला. त्याच वर्षी वृद्धांसाठी मेडिकेअर आलं. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांना वयाची ६५ आणि इथली सलग पाच वर्षं झाली की तेही हप्ता भरून घेता येतं. तुम्ही दोघं कायमचं यायचं म्हणालात तर ही पाच वर्षंच खरी अडचण आहे. तोवर विमा सरकारी बाजारातून घ्यावा लागेल. दोघांच्या औषधांची नावं, डोस आणि शेवटचे रिपोर्ट पाठवा, म्हणजे कोणत्या पॉलिसीत काय बसतं ते बघते.

कळावे,
तुमची मोठी