कोरडा घास

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, पीएचडीला लाळग्रंथी घेऊ का? सगळे म्हणतात हृदय घे, मेंदू घे, लाळेत काय आहे?" मी ड्यूटीवर होते, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

लाळेत काय आहे, ते मी रोज बघते. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचे पेशंट माझ्या रेडिएशनच्या मशीनवर आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे येतात. चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवायचा, तो टेबलाला अडकवायचा, लेझरच्या रेषा जुळवायच्या, दार लावून बाहेर यायचं. पेशंट त्याला 'शेक' म्हणतात. पहिल्या सोमवारी गप्पा मारत आलेला माणूस दुसऱ्या सोमवारी हातात पाण्याची बाटली घेऊन येतो. तेवढ्यात लाळ निम्म्यावर आलेली असते. लाळेचं पाणी तयार करणाऱ्या पेशी खरं तर सावकाश वाढणाऱ्या. अशा पेशी किरणांना सहसा दाद देत नाहीत, पण या पहिल्या आठवड्यातच मान टाकतात.

माण तालुक्यातले एक काका आहेत. शेक मीच दिले होते. दोन वर्षं झाली, गाठ गेली, रिपोर्ट स्वच्छ. मागच्या महिन्यात फॉलोअपला आले आणि बाहेरच्या बाकावर त्यांनी डबा उघडला. भाकरीचा तुकडा ताकात बुडवला, तोंडात घातला, बराच वेळ घोळवला, मग पाण्याचा घोट, मान मागे, आणि गिळला. पुन्हा तुकडा, पुन्हा घोट. पाव भाकरीला अर्धी बाटली संपली, तसा त्यांनी डबा मिटला. मला म्हणाले, "ताई, जगलो हे खरं. पण लोणच्याची फोड बघितली की तोंडाला पाणी सुटायचं ना, ते आता सुटत नाही." खालचे दात किडून काढावे लागलेत. रात्री घसा कोरडा पडून चार वेळा उठतात.

आम्ही ग्रंथी वाचवायची धडपड करतो, गं. गाठीला ६०-७० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) द्यायचे आणि कानाजवळच्या ग्रंथीला सरासरी २६ च्या खाली ठेवायचं, असा प्लॅन बनवतात. पण गाठ ग्रंथीला लागूनच असली की निवड उरत नाही. तिथे आधी जीव वाचवायचा. त्या क्षणी आम्ही जे घालवतो ते परत आणायचं काम तुझ्यासारख्यांचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

तू पाठवलेले पेपर रात्री जेवणं आवरल्यावर वाचले. जपानच्या यामानाकांनी २००६ मध्ये २४ जनुकांतून चार निवडली आणि उंदराच्या साध्या पेशीला पुन्हा गर्भासारखं करून दाखवलं, हे मी तीनदा वाचलं. कातडीची पेशी आपलं शिक्षण विसरते आणि नव्यानं पाटी घेऊन बसते! पण त्या चारांत सी-मिक आहे, कॅन्सरशी नातं असलेलं जनुक. कॅन्सरमधून नुकत्याच सुटलेल्या माणसाच्या जबड्यात अशी पेशी ठेवायची असेल, तर आधी हजार वेळा तपासा. यात घाई केलेली मला सहन होणार नाही.

जपानच्या शोवा विद्यापीठातल्या मिशिमांच्या गटाचा २०१८ चा पेपर मात्र वाचताना डोळ्यांत पाणी आलं. उंदराच्या मूळपेशींना (ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते त्या) सॉक्स९ आणि फॉक्ससी१ अशी दोन जनुकं देऊन त्यांनी लाळग्रंथीचा कोंब उगवला. ज्या उंदरांची कानाजवळची ग्रंथी काढलेली होती, त्यांच्यात तो लावला. जिभेवर सायट्रिक आम्ल ठेवलं आणि लाळ आली. म्हणजे आंबट लागलं आणि तोंडाला पाणी सुटलं. काकांनी मागितलं होतं ते नेमकं हेच.

तरी माझं मत विचारशील तर मला दुसरी वाट जास्त जवळची वाटते. त्याच वर्षी अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी उंदरांत दाखवलं की किरणांनंतर ग्रंथीतल्या नळीच्या काही पेशीच आपलं काम बदलून पाणी करणाऱ्या पेशी होतात. थोड्याच होतात, पण होतात. शरीराला ही वाट ठाऊक आहे, तिथे फक्त मागून हात द्यायचा. नस आहे, रक्त आहे, नळी आहे, सगळं जागच्या जागी आहे. आणि आत शिरायला कापाकापी नको. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाला आतून जीभ लाव, बारीक उंचवटा लागेल. तेच ग्रंथीचं तोंड. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत याच वाटेनं पाण्याचा मार्ग उघडणारं एक जनुक माणसांच्या ग्रंथीत सोडलं होतं. २०१२ मध्ये निकाल आला: ११ जणांपैकी सहा जणांची लाळ वाढली. ते सहा जण माझ्या मनातून जात नाहीत.

तेव्हा घे विषय. फक्त एक कर. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींच्या गोळ्यानं किती मिलिलिटर पाणी दिलं, एवढ्यावर खूश होऊ नकोस. लाळ जेवताना वाढावी लागते, झोपेत ओघळून चालत नाही. ती घासाला मऊ करते, दाताला सांभाळते. नुसत्या पाण्यानं ते होत असतं तर काकांची बाटली पुरली असती.

आणि पेशंटला यातलं काही बोलून ठेवू नकोस. "सोय येतेय" एवढं ऐकलं तरी माणसं गावाकडून एसटीनं निघतात.

दिवाळीत येशील तेव्हा एक दिवस जास्त काढ. काकांची तारीख भाऊबीजेनंतरच्या गुरुवारी आहे, ते अकराच्या सुमारास येतात. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलेलं नाही. तू नुसती त्या बाकावर त्यांच्याशेजारी बस. मी घरून मऊ भात आणि ताक आणीन, तिघं मिळून खाऊ.

तुझी,
आई