रविवारी विहिरी मोजायला येणाऱ्यांनी हे आधी वाचा

राजेहो, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला फुटाळा चौपाटीवर जमायचं आहे, तिथून सेमिनरी हिल्सच्या बाजूच्या जुन्या विहिरी नकाशावर टिपायच्या. मागच्या वेळी माझीच एक विहीर नकाशात थेट तलावात जाऊन पडली, कारण मी जीपीएस मशीन चालू केलं आणि लगेच बटण दाबून मोकळा झालो.

म्हणून यावेळी:

- जीपीएस घरून निघतानाच नाही, जागेवर पोचल्यावर मोकळ्या आभाळाखाली चालू करून ५-१० मिनिटं तसंच ठेवा, सॅटेलाइट पकडू द्या. सेटिंगमध्ये एसबीएएस (जीपीएसची चूक कमी करणारं जास्तीचं सॅटेलाइट सिग्नल) असेल तर ऑन करा, आपल्याकडे गगनचं, म्हणजे भारताच्या अशाच यंत्रणेचं, सिग्नल मिळतं.

- विहिरीवर वड-पिंपळ असतोच, पानांखाली आणि भिंतीला लागून रीडिंग भटकतं, सिग्नल आपटून येतं ना. थोडं बाजूला मोकळ्यात उभं राहून घ्या आणि विहीर किती पावलं, कुठल्या दिशेला ते वहीत लिहा.

- अ‍ॅव्हरेजिंग (मशीन बरीच रीडिंग घेऊन सरासरी काढतं ते) लावून निदान २-३ मिनिटं थांबा. परत जाताना पुन्हा एकदा घ्या, तासाभरात सॅटेलाइट सरकलेले असतात, दोन्हीची सरासरी जास्त भरवशाची.

- डेटम (अक्षांश-रेखांश कुठल्या पद्धतीनं मोजायचे ते सेटिंग) सगळ्यांचा डब्ल्यूजीएस ८४, डिग्री दशांशात, पॉइंटनंतर ५ आकडे (पाचवा म्हणजे साधारण १ मीटर). कोणी मिनिट-सेकंदात आणलं तर बदलत बसायला मी नाही हं.

एवढं करूनही ३-४ मीटर इकडंतिकडं होणारच, उंचीच्या आकड्यावर तर जाऊच नका.

जास्तीचे सेल आणा. तर्री पोहे काम झाल्यावर. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच नाव टाका.