दाराची कडी

कराड,
घटस्थापनेचा दुसरा दिवस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू "ठेवते बाबा" म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी तसाच कानाला लावून बसलो होतो. आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "काय बोललात ते कळलं का तुम्हाला?" मला ते रात्री अडीचला कळलं. 'दुसऱ्यानं टाकलेलं घरात कशाला आणायचं' हे मी तू आणलेल्या कुत्रीविषयी बोललो, सोनू. कुत्रीविषयीच. तरी तोंडातून जायला नको होतं. याच्यापुढे लिहीत नाही. लिहायला लागलो की मी वकिली करतो, हे तुला माहीत आहे.

तर कुत्री. काल सकाळी प्रीतिसंगमावर फिरायला गेलो तर डॉक्टर भेटले. आपले जनावरांचे, डेपोच्या मागे राहतात ते. रिटायर झाले, पण डोकं अजून दवाखान्यातच आहे. त्यांना सगळं सांगितलं: पांढरी, स्पिट्झ, सहा किलो, दातांवरून सहा वर्षांची, चार दिवस झाले, वॉशिंग मशीनच्या मागून बाहेर येत नाही. (स्पिट्झ म्हटल्यावर ते हसले. आपल्याकडे सगळे पॉमच म्हणतात.) मला वाटलं, ते माझ्याच बाजूनं बोलतील. म्हणाले, "पिल्लू आणलं नाही हे पोरीनं शहाणपणाचं केलं. नोकरी करून पिल्लू सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. आणि लहान चणीची कुत्री चौदा-पंधरा वर्षं जगतात. सहावं म्हणजे काही म्हातारपण नव्हे." हे त्यांचं म्हणणं मी शब्दाला शब्द लिहिलं आहे. माझी हार मोजून घे.

एक गोष्ट मात्र सांगतो आणि परत काढत नाही: दार. नवीन घरात आलेलं कुत्रं पहिल्या काही आठवड्यांत जितकं पळतं तितकं पुढे पळत नाही. त्याला ते घर आपलं वाटतच नसतं, मग फट दिसली की सुटतं. लाकडी दार उघडण्याआधी जाळीचं दार लागलेलं आहे ना ते बघायचं. कचरेवाली, पार्सलवाला, कामाच्या मावशी, सगळ्यांना सांगून ठेव. झालं. संपलं.

डॉक्टरांनी तीनाचा हिशेब सांगितला. पहिले तीन दिवस बिचारं भेदरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराच्या वेळा कळतात, तीन महिन्यांनी ते घर त्याचं होतं. ढोबळ हिशेब आहे. एखादं दोन दिवसांत मांडीवर येतं, एखादं वर्ष घेतं. तोवर तिला मशीनमागून ओढून काढू नकोस. तिथंच जुनी चादर टाक, तुझी वापरलेली, न धुतलेली. तू जमिनीवर बस, पण तिच्याकडे तोंड करून नाही, कडेला वळून. डोळ्यांत बघत राहिलं की त्यांना ती दमदाटी वाटते. पुस्तक वाच. ती येऊन तुझा पाय हुंगेल आणि परत जाईल. तेवढं त्या दिवसाला पुष्कळ झालं. आंघोळ आठवडाभर नको, वास आला तर येऊ दे.

आधीच्या ठिकाणी जे खात होती तेच चालू ठेव, बदलायचं तर आठ दिवसांत थोडं थोडं करून. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर मात्र वाट बघत बसू नकोस, लहान जीव आहे, सरळ दवाखाना गाठ. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं नाहीत. बेदाणे तर अजिबातच नाहीत. आई दिवाळीला तासगावचे बेदाणे घालून शिरा आणि चिवडा दोन्ही पाठवणार आहे, तो डबा वरच्या फळीवर. कानामागं आणि बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवून गोचीड बघ, त्यानं ताप येतो आणि तो लवकर कळत नाही. रेबीजची लस कधी दिली त्याचा कागद मागून घे. नसेल तर देऊन टाक, महापालिकेच्या परवान्यालाही तो लागतोच.

सोसायटीचा सेक्रेटरी लिफ्टवरून काय बोलला ते आईनं सांगितलं. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांत सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही असं स्पष्ट आहे. छापून त्यांच्या हातात दे, भांडू नकोस. आणि लिफ्टमध्ये शिरताना आधी तिला उचलून घे. ती बाहेर, दोरी आत आणि दार लागलं, तर काय होईल ते मी लिहीत नाही.

बघ, परत दार आलं. आता आलंच आहे तर पट्ट्याचंही सांगून टाकतो. पॉमच्या मानेवर केस इतके दाट की पट्टा घट्ट वाटतो आणि असतो सैल. घाबरून मागं सरकली की डोक्यावरून निघून तुझ्या हातात राहतो. छातीवरून बांधायचा हार्नेस घे. मानेला हिसका बसला की या लहान कुत्र्यांना ढासही लागते. पट्टा फक्त नंबर लिहिलेल्या बिल्ल्यापुरता. नंबर तुझा आणि माझा, दोन्ही.

तू आठवड्याची रजा घेतलीस, चांगलं केलंस. पण आठ दिवस चोवीस तास जवळ बसून सोमवारी एकदम नऊ तास गेलीस तर ती घर डोक्यावर घेईल. आजपासून दोन मिनिटं बाहेर जा, कचरा टाकून ये. मग पाच, मग पंधरा. जाताना निरोप घ्यायचा नाही, लाडीगोडी नाही, सरळ जायचं. हे डॉक्टर सांगत होते आणि मला आपलं अकरावीचं वसतिगृह दिसत होतं. मी फाटकापर्यंत जाऊन तीनदा परत आलो होतो. एकदा छत्री द्यायला, एकदा पन्नास रुपये द्यायला, तिसऱ्यांदा कशाला ते मलाही आठवत नाही. तीनही वेळा तू नव्यानं रडलीस. आई एसटीत बसून म्हणाली, पोरीला तुम्ही रडवलंत, वसतिगृहानं नाही.

दिवाळी चार आठवड्यांवर आहे. फिरवणं अंधाराच्या आत उरक. खिडक्या लाव, पडदे ओढ, पंखा मोठा कर, मशीनमागची जागा तिला मोकळी ठेव. आणि त्या चार दिवसांत दार

सोनू, १९९६ ची नरकचतुर्दशी. तू दुसरीत होतीस. मोती पहाटे गेला, शेजाऱ्यांनी लड लावली तेव्हा. आपण मलकापूरपर्यंत दोन दिवस हाका मारत फिरलो, तुझ्या हातात त्याचं जर्मनचं ताट होतं, वाजवायला. दूधवाल्यानं फाटक उघडं टाकलं असं मी घरात सांगितलं. तू त्या माणसाशी दहावी होईपर्यंत बोलली नाहीस. पातेलं पुढं करायचीस आणि तोंड फिरवायचीस. त्याला बिचाऱ्याला कधी कळलंच नाही का ते.

फाटक मी उघडं टाकलं होतं. पहाटेची ड्यूटी होती, सायकल काढली, कडी लावली नाही. आईलाही हे आत्ताच कळेल, कारण वाचल्याशिवाय ती पाकीट चिकटवू देत नाही.

असो. आईचा निरोप: परवा व्हिडिओवर तिनं सहज "ए पिंकी" म्हटलं तेव्हा कुत्रीचा डावा कान हलला. तू बघितलं नाहीस, तू दूध बघायला गेली होतीस. आईचं म्हणणं, आधीच्या घरी तिला पिंकीच म्हणत असणार. पांढऱ्या कुत्रीला मोका हे कॉफीचं नाव का, ते तू जाणे. आईला ते जमत नाही, ती मोगा म्हणते. तू एकदा हळूच पिंकी म्हणून बघ, हातात काही खायला न घेता.

मार्चपासून तू एकटीनं सगळं निभावलंस, त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. बोलता येत नाही मला.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं येतो. आई घट बसलेत म्हणून येणार नाही. स्वारगेटला न्यायला येऊ नकोस, तिला एकटी टाकून. मी बेल वाजवणार नाही, वर आलो की फोन करतो. आधी तिला आतल्या खोलीत ने, ती खोली लाव, मग दार उघड. घाई नको, मी जिन्यात बसतो.

तुझा,
बाबा