पुळणीपर्यंत चाकांची वाट : गुहागरकरांना आणि चाकरमान्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या वाडीत एक दादा आहेत. नाव लिहू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पाडेली होते. मिसरूड फुटायच्या आधीपासून माडावर चढायचे आणि वाडीतल्या निम्म्या घरांचे नारळ त्यांच्याच हातून उतरायचे. अकरा वर्षांपूर्वी आगोटीच्या घाईत ते माडावरून पडले. मणक्याला मार बसला, कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून व्हीलचेअर.

त्यांच्या पडवीत बसलं की समुद्राची गाज ऐकू येते. मागच्या दारापासून पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, जेमतेम तीनशे पावलं. या अकरा वर्षांत दादा समुद्रावर एकदा गेले.

ते कसं, हे सांगायला हवं, कारण त्यात आमची चूक होती. शिमग्याला मुंबईहून पोरं आली होती. चौघांनी दादांना उचललं, पाखाडी (पायऱ्यांची दगडी पायवाट) उतरून पुळणीवर नेलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. खुर्चीचे पाय वाळूत रुतले, ती एका अंगाला कलली. पोरं पाण्यात खेळायला गेली. दादांना उन्हाची तिरीप लागत होती, लघवीला जायचं होतं, पण कुणाला हाक मारायची याचा संकोच. येणारे-जाणारे बघत होते. तासाभराने पोरांनी पुन्हा उचलून घरी आणलं. आम्हाला वाटलं, केवढं मोठं काम केलं! पुढच्या वर्षी पोरं पुन्हा आली तेव्हा दादा म्हणाले, "उचलायचं नाही मला. माझं मला जाता येत असेल तर येतो."

हे आवाहन त्या एका वाक्यासाठी आहे.

आमचं गाव रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेलं. घर, मागे माड-पोफळीची वाडी, मग सुरूचं बन आणि पलीकडे पुळण. समुद्र परसात असलेल्या या गावात किती जणांना तो दिसत नाही, हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं. गेल्या पावसाळ्यात घरोघर जाऊन विचारलं. आमच्या एकट्या वाडीत व्हीलचेअर वापरणारी तीन माणसं निघाली आणि गुडघ्यांमुळे पाखाडी उतरायचं सोडून दिलेली म्हातारी माणसं चौदा. एक आजी म्हणाल्या, नारळीपौर्णिमेचा नारळ आता नातवाच्या हाती पाठवते. पाहुणे म्हणून राहायला आलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. घरच्यांनी समुद्रात खेळायचं आणि त्यांनी गाडीत काच खाली करून बसायचं, हे आम्ही दर हंगामात बघतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडीत बसल्या बसल्या खाडी ओलांडता येते. इतका प्रवास करून माणूस येतो आणि शेवटच्या शंभर मीटरवर अडतो.

अडतो तो दोन ठिकाणी. पहिली पाखाडी. आमच्या पाखाडीच्या शेवटी जांभ्याच्या पाच पायऱ्या आहेत, एकूण उंची ७५ सेंटिमीटर. उतार एकास बारा धरायचा तर त्यासाठी नऊ मीटर लांबीची जागा लागते. अनेक ठिकाणी पायऱ्यांवर एक घसरगुंडी बांधतात आणि तिलाच रॅम्प म्हणतात. तिच्यावरून खुर्ची वर ढकलणं दोन माणसांनाही जड जातं आणि उतरताना ती हातातून सुटते. ही नऊ मीटरची जागा शेजारच्या वाडीवाल्यांनी दिली आहे. त्यासाठी त्यांच्या दोन पोफळी गेल्या, पैसे घेतले नाहीत.

दुसरा अडथळा सुरूचं बन संपल्यापासून ओल्या वाळूपर्यंतचा. ओहोटीच्या वेळी खालची ओली वाळू टणक असते, तिच्यावर खुर्ची बऱ्यापैकी चालते. मधला कोरड्या वाळूचा पट्टा मात्र चालू देत नाही. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान आणि अरुंद. सगळा भार त्या बोटभर रुंदीवर येतो, चाक वाळूत तोंड खुपसतं आणि खुर्ची पुढे कलते. हा पट्टा आम्ही टेपने मोजला, सत्तर मीटर भरला.

गेल्या जानेवारीत आम्ही प्रयोग केले. आधी गोणपाट अंथरले, ते चाकाखाली गोळा झाले. बांबूची चटई दुसऱ्या फेरीतच मोडली. मग वाडीतल्या सुतारांनी पोफळीच्या रिपा सुंभाने बांधून ताट्या केल्या. पहिली ताटी रिपा लांबीच्या दिशेने टाकून केली होती. पुढचं चाक दोन रिपांच्या फटीत अडकलं आणि दादा पडता पडता वाचले. त्यांनीच सांगितलं, रिपा आडव्या टाका आणि फट करंगळी जाणार नाही एवढीच ठेवा. तशी आठ मीटरची वाट झाली. त्या आठ मीटरवर दादा स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत गेले, परत आले, पुन्हा गेले. कुणी हात लावला नाही. मी तिथे होतो. तेवढ्यासाठी उरलेले बासष्ट मीटर करायचेच, असं त्या संध्याकाळी ठरलं.

सिमेंटचा रस्ता करून टाका, म्हणजे कायमची कटकट मिटेल, असं बरेच जण सुचवतात. ते आम्हाला करायचं नाही. एक तर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पक्क्या बांधकामाला सीआरझेडचे (किनारपट्टीवरच्या बांधकामांवर बंधनं घालणारे) नियम आडवे येतात, आणि ते योग्यच आहे. दुसरं, ही पुळण कासवांचीही आहे. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात इथे अंडी घालायला येतात. २०२३ च्या फेब्रुवारीत बागेश्री आणि गुहा या दोन माद्यांना उपग्रहाचे टॅग लावून गुहागरच्याच किनाऱ्यावरून सोडलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. मादी रात्री वर येते. म्हणून आमच्या ताट्या सूर्यास्ताला उचलायच्या आणि सकाळी घरटी पाहणाऱ्या कासवमित्रांनी पुळण बघून झाल्यावरच पुन्हा अंथरायच्या. वाटेवर दिवेही लावायचे नाहीत. पावसाळ्यात सगळं सामान मांगरात.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २७ नोव्हेंबर २०२२ रोजी अपंगांसाठी २६३ मीटरची लाकडी वाट सुरू झाली. खर्च १ कोटी १४ लाख रुपये. दोनच आठवड्यांत मांदूस चक्रीवादळ आलं आणि समुद्राकडचा भाग लाटांनी उखडला. महापालिकेने तो दुरुस्त करून वाट पुन्हा सुरू केली, याचं कौतुक आहे. पण आमच्यामागे महापालिका नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या वाड्यांचं काय करून गेलं ते कोकणाने पाहिलंय. उचलून ठेवता येईल तेच आम्हाला परवडेल. शेजारी गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट झाला. अपंगांना मध्यभागी ठेवून राज्य सरकार एवढा मोठा सोहळा करू शकतं, हे तेव्हा दिसलं. आमचं काम त्या मानाने फार लहान, पण ते हंगामभर रोज चालायला हवं.

हे उपकाराचं काम नाही, हेही स्पष्ट लिहितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यता हा हक्क आहे, आणि त्यात संस्कृती व मनोरंजनासाठी स्वतंत्र कलम आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, किमान काही निकष बंधनकारक हवेत. शासनाकडे आमचा पाठपुरावा चालूच राहील. तोवर दादांचं वय थांबत नाही.

आता खर्च. नऊ मीटरचा उतार आणि त्याला दोन्ही बाजूंनी कठडा : ६० हजार. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद अशा ३५ ताट्या, प्रत्येकी ६ हजार : २ लाख १० हजार. दीड मीटर रुंदी चैन म्हणून नाही, खुर्चीला जागच्या जागी वळायला तेवढी लागते. पोफळीच्या रिपा पहिल्या प्रयोगाला ठीक होत्या, पण त्या एका हंगामात कुजतील, म्हणून आता टिकाऊ लाकूड घेतोय. फुगीर चाकांच्या दोन खुर्च्या : १ लाख ६० हजार. या खुर्चीची चाकं फुग्यासारखी रुंद आणि कमी हवेची असतात, त्यामुळे भार पसरतो आणि ती ओल्या वाळूपलीकडे घोटाभर पाण्यापर्यंत जाते. पहिल्या वर्षी त्याच्या पुढे कुणालाही नेणार नाही, कितीही आग्रह झाला तरी. इथल्या पाण्याची ओढ आम्हाला माहीत आहे.

उरलेले १ लाख ७० हजार स्वच्छतागृहासाठी. यावर आमच्या मंडळात सर्वांत जास्त वाद झाला. एवढे पैसे संडासाला कशाला, त्यात आणखी दोन खुर्च्या येतील, असं काहींचं म्हणणं होतं. तेव्हा वाडीतल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या ताईंनी सांगितलं की कुठे बाहेर जायचं असलं की त्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. सभेत कुणी काही बोललं नाही. सुरूच्या अलीकडे मंडळाचं जुनं स्वच्छतागृह आहे, तेच दुरुस्त करायचंय : दार ९० सेंटिमीटरचं आणि बाहेर उघडणारं, आत खुर्ची वळण्याएवढी जागा, भिंतीला आधाराचे दांडे, गोड्या पाण्याचा नळ. त्याच नळावर खुर्च्याही रोज धुवायच्या. खारं पाणी लोखंडाचं काय करतं ते कोकणात कुणाला सांगायला नको.

एकूण ६ लाख. वाडीतून १ लाख ४२ हजार जमले आहेत. ४ लाख ५८ हजार कमी पडतात.

देणगी मंडळाच्या कार्यालयात येऊन द्या, किंवा खात्याचा तपशील तिथूनच मागून घ्या. तो इथे मुद्दाम छापलेला नाही. या कामाच्या नावाने फोनवर एखादा क्यूआर कोड फिरताना दिसला तर तो आमचा नाही. शंभर रुपयांचीही पावती मिळेल आणि दर महिन्याचा हिशोब कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागेल. आमच्याकडे ८०जी नाही, त्यामुळे करसवलत मिळणार नाही, हे आधीच सांगतो.

पैसे नसतील तर लाकूड द्या. गावात जुनी घरं उतरवून नवी होताहेत. सागाचे वासे, रिपा सरपणात घालू नका. सुतारांचा, वेल्डिंगवाल्यांचा एक एक दिवस हवा आहे. हंगामात रोज सकाळी ताट्या टाकायला आणि संध्याकाळी उचलायला चार माणसं लागतील. आठवड्याचे वार वाटून घेऊ, आतापर्यंत तीन वार भरलेत. चाकरमान्यांनो, गणपतीला याल तेव्हा एक दिवस उताराच्या श्रमदानाला ठेवा. ज्यांची घरगुती निवासाची सोय आहे त्यांनी निदान एका खोलीचा उंबरा काढावा आणि न्हाणीघराचं दार रुंद करावं. पुळणीवर जाऊन आलेल्या माणसाला रात्री झोपायला खोलीही लागते.

गोपाळगड किल्ला, हेदवीची बामणघळ (समुद्रकाठच्या खडकातली घळ) इथलं काय, असं विचारणारे आहेत. प्रश्न बरोबर आहे. पण खडकातली वाट हे वेगळं काम आहे, ते आम्हाला आज जमणार नाही आणि जमेल असं खोटं सांगणार नाही.

दसऱ्यानंतर पाऊस हटला की पहिल्या दहा ताट्या अंथरून बघणार आहोत. त्या दिवशी ओहोटी सकाळी असेल असा वार निवडू आणि तो फळ्यावर लावू. व्हीलचेअर वापरणाऱ्या सर्वांना, गावातल्या आणि बाहेरच्याही, खास बोलावणं आहे. आतापर्यंतची मापं एकट्या दादांच्या खुर्चीवरून घेतलेली आहेत. तुम्ही तुमची खुर्ची घेऊन या. कुठे अडकतं, कुठे घसरतं ते सांगा, सुतार टेप घेऊन तिथेच उभे असतील.

आपले,
अध्यक्ष, चिटणीस आणि सर्व सभासद