उपवासकाळ अन् आभाराचा डबा

जय ख्रिस्त मंडळी 🙏 राखेचा बुधवार झाला, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू, रविवार सोडून 40 दिवस. दर शुक्रवारी संध्याकाळी 6 ले क्रुसाची वाट (येशूच्या दुःखाची आठवण करत करायची प्रार्थना), ज्यायले गव्हाले पाणी देणं आहे त्यायनं मोटर लावून या, उशीर झाला तरी चालते.

यंदा फादर बोलले ते मले लय पटलं, की मटण, चहा, खर्रा सोडाच (खर्रावाले, वाचून राहिले ना?) पण रोज एका गोष्टीचे आभार बी माना, मिस्साले (चर्चमधल्या मुख्य उपासनेले) युखरिस्त म्हणतो त्या ग्रीक शब्दाचा अर्थच आभार मानणं आहे. म्हणून चर्चच्या दाराजवळ बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला, चिठ्ठी टाका, नाव नको. काल वरचीच एक दिसली, पेन्सिलनं लिहिलेली, "आजीले आता सुई ओवता येते".

गुड फ्रायडेचा उपास 18 ते 59 वयाच्यांले, शुगरवाले अन् बाळंतिणींनी हट्ट नका करू. रोज मूठभर तांदूळ नाहीतर तुरीची डाळ बाजूला काढा, झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) गोळा करू. मागच्या साली कोणीतरी सोंडे लागलेले तांदूळ देल्ले, तसे नका देऊ बाप्पा, निवडता निवडता आम्हा बायांचा अख्खा दिवस गेला.