मायलोमाच्या औषधांच्या चाचण्या इथेही हव्यात

उपचारांना दाद न देणाऱ्या मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरील आपल्या पुरवणीतील लेखात, परदेशात मान्य झालेली औषधे देशी चाचण्यांविना आणावीत, असे म्हटले आहे. हे मला पटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी पेशी व जनुकीय उपचारांसह औषधांच्या काही गटांना तशी सवलत दिलीच आहे.

'सिल्टा-सेल' या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच प्रतिकारपेशींत जनुकीय बदल करून त्या कर्करोगाविरुद्ध वापरणे) अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली, ती ९७ रुग्णांवरील चाचणीच्या आधारे. त्यांपैकी ९४ जणांना गुण आला, आणि तेही सगळे उपाय थकल्यावर! रुग्णांच्या घरच्यांना याचे मोल सांगायला नको. पण ही चाचणी झाली ती केवळ अमेरिकेतील केंद्रांत. या उपचारांनी प्रतिकारशक्ती फार खालावते, संसर्ग जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे कितीतरी लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात. अशा रुग्णांचे काय होईल, हे तिकडच्या आकड्यांवरून कसे कळणार?

शिवाय, औषध चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत इजा झालेल्या रुग्णावर मोफत उपचार करणे बंधनकारक आहे; चाचणीच नसेल, तर हे संरक्षणही नाही. टाटा रुग्णालयासारख्या केंद्रांत, लहान का होईना, चाचणी घेण्याची अट सवलतीसोबतच घालावी.

– एक वाचक, नाशिक